डाव्या गालाचे दिवस

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. सकाळी दात घासून चूळ भरायला मी बेसिनपाशी उभी राहिले आणि चूळ भरता येईना. तोंडात घेतलेलं पाणी डाव्या कोपऱ्यातून आपलं आपण खाली आलं आणि गाऊनवर सांडलं. झोप नीट उतरली नसेल म्हणून पुन्हा पाणी घेतलं, ओठ घट्ट मिटले, निदान मिटले असं मला वाटलं. पाणी पुन्हा त्याच कोपऱ्यातून गेलं. मग आरशात पाहिलं. उजवी बाजू माझी होती. डावी बाजू कुणीतरी इस्त्री फिरवून ठेवल्यासारखी सपाट झाली होती. कपाळावर रेष नव्हती, ओठाचा कोपरा खाली लोंबत होता आणि डोळा मिटायला सांगितला तरी मिटत नव्हता.

नवरा अंगणात टेम्पोची काच पुसत होता. मी दारात जाऊन उभी राहिले.

"तोंड असं का करतीस?" तो म्हणाला. मी वेडावतेय असं त्याला वाटलं.

"बघा ना," असं मला म्हणायचं होतं. बाहेर पडलं ते "वघा ना." ओठ एकमेकांना लागलेच नव्हते.

तो जवळ आला, माझी हनुवटी धरून त्यानं तोंड उजेडाकडे वळवलं. सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. शेवटची कितीतरी वर्षं ते खाटेवर होते आणि त्यांना कुशीवर वळवायचं काम यानंच केलं होतं. त्यामुळे त्याच्या मनात काय आलं ते त्यानं सांगायची गरज नव्हती. त्यानं फडकं टेम्पोच्या टपावर टाकलं आणि म्हणाला, "चप्पल घाल. नगरला जायचं."

जामखेडहून नगरला जाईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मी स्कार्फ तोंडावर घट्ट बांधून बसले होते. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि मला रडू येत नव्हतं, हे मला फार विचित्र वाटत होतं. टेम्पोचा आवाजही डाव्या कानात नेहमीपेक्षा मोठा येत होता.

डॉक्टरांनी हात वर करायला लावले, पाय उचलायला लावले, चालायला लावलं. मग म्हणाले, "कपाळाला आठ्या घाला."

मी घातल्या. उजवीकडे पडल्या, डावीकडे पडल्या नाहीत.

"चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

"आठ्या पडत न्हाईत आन् चांगलं कसं?" नवऱ्यानं विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूत काही झालं असतं तर ओठ वाकडा झाला असता, पण कपाळ सहसा हललं असतं. इथे अख्खी बाजू थांबली आहे, म्हणजे चेहऱ्याकडे येणारी नसच सुजली आहे. ती कानामागच्या हाडातल्या अरुंद वाटेतून येते आणि सूज आली की तिथंच दबते. बहुतेकांचं बरं होतं. काहींचं काही आठवड्यांत होतं, काहींना महिने लागतात. गोळ्या लिहून दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना पापणी चिकटपट्टीनं बंद करायला सांगितलं. आणि भिंगारमध्ये फिजिओथेरपीचा एक दवाखाना आहे, तिथं दाखवा म्हणाले.

परत येताना नवऱ्याची जीभ सुटली. भीती गेली की तो थट्टा करतो.

"सगळं आयुष्य माझ्याकडं बगून आठ्या घातल्यास," तो म्हणाला, "आन् डॉक्टरनं सांगितलं तर येक घालता आली न्हाई."

मी हसले. माझं हसू मला फक्त उजव्या गालावर जाणवलं. डावीकडे काहीच झालं नाही, जणू तो गाल दुसऱ्या कुणाच्या अंगावर होता आणि त्याला विनोद कळला नव्हता.

*

माझी शाळा जामखेडपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात आहे. जिल्हा परिषदेची शाळा. मी इतकी वर्षं पहिलीलाच शिकवत आले आहे. दिवाळीनंतर आमचा वर्ग अर्धा रिकामा होतो, कारण गावातली निम्मी घरं ऊसतोडीला निघून जातात. ज्यांना आजी-आजोबा आहेत ती मुलं मागे राहतात, बाकीची आईबापाबरोबर जातात. त्यामुळे माझ्यासमोर त्या हिवाळ्यात थोडीच मुलं होती. त्यांच्यासमोर स्कार्फ काढायचा की नाही, याचा विचार मी बसमधून येताना रोज करत होते.

पहिले काही दिवस नाही काढला. सर्दी आहे असं सांगितलं. पण पहिलीच्या मुलांना बाईचं तोंड दिसावं लागतं, नाहीतर ती सैरभैर होतात. शेवटी एका सकाळी हजेरी झाल्यावर मी तो सोडला.

पुढच्या रांगेतली एक मुलगी, जिची आई कोपरगावकडे तोडीला गेली होती आणि जी आजीकडे राहत होती, ती उठून अगदी जवळ आली.

"बाई, तुमचं त्वांड झोपलंय का?"

"अर्धं झोपलंय," मी म्हणाले.

"उठंल का?"

"उठेल की. पण त्याला घाई करायची नाही."

एवढंच. त्यानंतर रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, उठलं का. मी नाही म्हणायचे आणि आम्ही पाटी काढायचो. शिक्षकांच्या खोलीत मात्र लोक माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे किंवा खिडकीकडे बघत. मला वर्गात बसणंच बरं वाटायचं.

खरी अडचण आली ती 'प'पाशी. आम्ही मुळाक्षरं करत करत तिथवर आलो होतो. मी फळ्यावर अक्षर काढलं, वळून मुलांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. 'प' येईना. डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची आणि भलताच आवाज निघायचा. फ, ब, भ यांचीही तीच गत. बोटानं डावा ओठ दाबून धरला तेव्हा कुठे 'म' जमला.

डी.एड.ला असताना ही अक्षरं ओष्ठ्य आहेत हे मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि पास झाले होते. नंतर वर्षानुवर्षं ती मुलांना शिकवली. पण 'प' म्हणताना ओठ आधी मिटतात, आत हवा थोडा वेळ अडते आणि मग दोन्ही ओठ एकदम सुटतात, हे माझ्या ओठांना जमत होतं तोवर मी कधी अनुभवलंच नव्हतं. बंद पडल्यावर कळलं की इथं एवढं काम चाललेलं असतं.

मला काही सुचेना म्हणून मी मुलांनाच म्हणाले, "तुम्हीच म्हणा. पण म्हणताना तोंडात काय होतं ते मला सांगा. मला येत नाही, तर तुम्ही बघून सांगायचं."

मुलांनी ते फार मनावर घेतलं. एकमेकांच्या तोंडात डोकावत ती 'प' 'प' करत बसली. कुणीतरी डब्याचं स्टीलचं झाकण काढलं आणि त्यात स्वतःचे ओठ बघायला सुरुवात केली, मग सगळ्यांची झाकणं निघाली. तळहात तोंडासमोर धरला तर 'फ'ला वारा लागतो आणि 'प'ला लागल्यासारखा वाटत नाही, असं एकानं सांगितलं. 'म' म्हणताना नाक चिमटीत धरलं तर 'म'च बंद पडतो, हा शोध त्या पुढच्या रांगेतल्या मुलीचा. दुपारच्या सुट्टीपर्यंत अख्खा वर्ग नाक धरून बसला होता. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, बघितलं आणि परत गेले.

त्या वर्षी माझ्या वर्गात ब आणि भ यांची गल्लत कुणी केली नाही. दरवर्षी निम्मी मुलं करतात.

*

भिंगारच्या बाजारात, एका कापडदुकानाच्या वर, फिजिओथेरपीचा तो छोटा दवाखाना होता. शनिवारी सकाळची शाळा असते. ती करून मी दुपारची बस धरायचे. तिथली डॉक्टर माझ्या लेकीपेक्षा थोडीशीच मोठी होती. बोलणं अगदी हळू. पहिल्याच दिवशी तिनं मला आरशासमोर बसवलं.

"काकू, आता हसायचं नाही. फक्त हसण्याचा विचार करायचा."

"विचार कसा करायचा?"

"मनात हसायचं. हसू निघालंय, गालापर्यंत यायचंय, एवढंच. उजवा गाल अजिबात हलू द्यायचा नाही."

हे ऐकायला सोपं वाटतं. मी मनात हसायला गेले की उजवा गाल वर उडी मारायचा. तो इतका उत्साही आहे हे मला माहीत नव्हतं. डावा गाल बंद पडल्यापासून तो दोघांचं काम एकटाच ओढत होता आणि त्याला कुणी थांब म्हटलेलं नव्हतं. तिनं माझ्या उजव्या गालावर माझीच दोन बोटं ठेवायला लावली, त्याला थोपवायला. मग डाव्या गालावर तिची बोटं ठेवून तो हलकेच वर नेला. "हे असं जायचं असतं," ती म्हणाली. "त्याला आठवण करून द्यायची."

भुवई वर, नाक आक्रसणं, डोळा मिटणं, ओठांचा चंबू, हसू. आयुष्यभर हे सगळं फुकटात होत आलं होतं. आता एकेकाची वेगळी ओळख करून घ्यावी लागत होती. कोणता स्नायू कुठून सुरू होतो आणि कुठं जाऊन लागतो, ते ती बोटानं माझ्याच चेहऱ्यावर काढून दाखवायची.

घरी हा अभ्यास नवऱ्यानं आपल्याकडे घेतला. तरुणपणी तो कुस्ती खेळायचा. आता टेम्पो चालवतो, पण पहाटे तालमीत जाऊन पोरांची मेहनत बघितल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. अंग कमवायचं म्हणजे काय करायचं, हे आपल्याला ठाऊक आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. रोज संध्याकाळी जेवणाआधी तो माझ्यासमोर मांडी घालून बसायचा, हातात आरसा धरायचा आणि सुरू करायचा.

"लाव जोर. आजून. आजून थोडा. सोडू नगंस."

मी जोर लावायचे. मान ताठ व्हायची, दात आवळले जायचे, कपाळाला घाम यायचा. डावा गाल शांत.

पण या बसण्यात एक वेगळीच गोष्ट झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही एकमेकांसमोर असे कधी बसलोच नव्हतो. आमचं सगळं शेजारीशेजारी. टेम्पोत शेजारी, ताटावर शेजारी, टीव्हीसमोर शेजारी. आता तो रोज अर्धा तास माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. पहिल्यांदा मला लाज वाटायची.

एकदा आरसा खाली घेऊन तो म्हणाला, "भिवईखाली हा तीळ कधी आला?"

"जन्मापासून आहे."

"मला कसा दिसला न्हाई?"

"तुम्ही बघितलं नाही."

त्यानं तो तीळ पुन्हा नीट बघून घेतला आणि आरसा वर धरला.

सकाळचा चहा हे माझं सगळ्यात मोठं संकट होतं. कप ओठाला लावला की चहा कोपऱ्यातून गळायचा. बोटानं ओठ दाबून धरावा लागे. जिभेच्या डाव्या बाजूला चवही नव्हती, त्यामुळे गोड आहे की नाही ते उजवीकडे फिरवून बघावं लागे. बाहेर कुणाकडे मी चहा घेतच नव्हते. घरी तो माझ्यासमोर बसून अगदी हळूहळू प्यायचा, मी संपवेपर्यंत त्याचाही संपत नसे. मूळचा तो दोन घोटांत चहा संपवणारा माणूस.

त्याच दिवसांत एकदा मधल्या सुट्टीत त्या पुढच्या रांगेतल्या मुलीच्या आईचा फोन आला. ती अधूनमधून माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून लेकीला बघायची. एरवी मी आधी तिच्याशी बोलायचे, मग फोन मुलीकडे द्यायचे. त्या हिवाळ्यात मी फोन सरळ मुलीच्या हातात देत होते. त्या दिवशी फोनमधून आवाज आला, "बाई कुठं हायेत? लई दिसात दिसल्या न्हाईत. रुसल्या का काय?"

मुलगीच म्हणाली, "बाईचं त्वांड झोपलंय."

मग मला फोन घ्यावा लागला. तिच्या मागे उसाचं पाचट दिसत होतं आणि तिच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं.

"माझ्या जावेला असंच झाल्तं, बाई," ती म्हणाली. "चार महिने गप बसली व्हती. आता तिला गप कर म्हनावं लागतंय. तुमचं बी हुईल. भिऊ नगा."

माझ्याभोवती इतके लोक मला धीर देत होते, पण तिच्या बोलण्यानंतर त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी स्कार्फ बांधायचा विसरले.

*

संक्रांतीनंतरची गोष्ट. संध्याकाळी नेहमीसारखा अभ्यास चालला होता. मी नाक आक्रसत होते. नवऱ्यानं एकदम आरसा खाली घेतला.

"हाललं."

"कुठं?"

"नाकाच्या बाजूला. म्हशीच्या अंगावर माशी बसली की कातडं कसं हालतं, तसं."

"मला काही जाणवलं नाही."

"मला दिसलं. परत कर."

मी पुन्हा केलं आणि या वेळी मलाही जाणवलं. अगदी बारीक थरथर, गालाच्या आत कुठंतरी. इतकी बारीक की तिला हालचाल म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा. आम्ही दोघं त्या जागेकडे आरशात बघत बसलो. मग त्यानं लेकीला पुण्याला फोन लावला आणि तिच्याशी म्हशीच्या कातड्याबद्दल बोलू लागला. ती आईला म्हैस का म्हणताय म्हणून त्याच्यावर रागावली.

त्यानंतर रोज काही ना काही जमू लागलं. डोळ्याची फट अरुंद होत गेली. ओठाचा कोपरा सरळ झाला. 'म' बोटाशिवाय आला, मग 'ब'. जसजसं जमू लागलं तसतसा त्याचा हुरूप वाढला आणि जोर लावायला सांगणंही वाढलं. मलाही घाई झाली होती. मी वर्गात, बसमध्ये, भाजी चिरताना तोंडाचे चंबू करत बसायचे.

शिवरात्रीच्या सुमारास एक विचित्र गोष्ट सुरू झाली. ओठांचा चंबू केला की डावा डोळा आपोआप मिटायचा. मी 'प' म्हटलं की डोळा मारल्यासारखं दिसायचं. मुलांना ते फार आवडलं. मला आधी गंमत वाटली, मग भीती वाटली. त्या शनिवारी नवरा टेम्पो घेऊन स्वतः माझ्याबरोबर भिंगारला आला.

डॉक्टर मुलीनं बघितलं आणि विचारलं, "जोर लावून करताय का?"

मी काही बोलायच्या आत दाराशी स्टुलावर बसलेला नवरा म्हणाला, "मी लावायला लावतो."

ती रागावली नाही. तिनं त्याला आत बोलावलं, माझ्या शेजारी बसवलं आणि आम्हा दोघांना सांगितलं. नस परत येते तेव्हा तिची वाट चुकू शकते. ओठाकडे जायचं ते डोळ्याकडे जातं. त्यातच जोर लावत राहिलं तर ती चुकीची वाटच पक्की होते. आता उलट करायचं. थोडंसं, अगदी थोडंसं हलवायचं, आणि ते करताना बाकी सगळं सैल आहे की नाही ते बघायचं. डोळा मिटायला निघाला की तिथंच थांबायचं.

"म्हंजे मेहनत कमी करायची?" नवऱ्यानं विचारलं.

"लक्ष वाढवायचं, काका. मेहनत कमी."

परतताना आष्टीच्या अलीकडे रस्त्याकडेला टेम्पो थांबवून तो पाणी प्याला आणि म्हणाला, "आखाड्यात जो अंग ताठ ठिवतो तो आदी पडतो. वस्ताद आमाला रोज सांगायचे, अंग सोड, अंग सोड. मी बी पोरांना तेच सांगतो. आन् घरी यिऊन तुला ताठ करत बसलो."

"मलाही घाईच होती," मी म्हणाले.

त्या दिवसापासून आमचा अभ्यास बदलला. आरसा धरण्याआधी तो हाताला थोडं कोमट तेल लावायचा आणि कुस्तीनंतर पोरांना मालीश करतात तसं, पण फार हलक्या हातानं, माझ्या कानापासून हनुवटीपर्यंत चोळायचा. त्याची बोटं जबड्याच्या सांध्यापाशी थांबायची.

"दात आवळलेत तू."

"नाही."

"आवळलेत. सोड."

मी बघायचे तर खरंच आवळलेले असत. सोडले की लक्षात यायचं, खांदे कानाला लागलेत. खांदे खाली आणले की कळायचं, पोट आत ओढून धरलंय. एकेक सोडत सोडत खाली जावं लागे. हे सगळं मी कधीपासून धरून ठेवलं होतं कोण जाणे. आजारामुळे तर नक्कीच नाही, त्याच्याही फार आधीपासून.

मग मला दिवसभर हेच दिसू लागलं. फळ्यावर लिहिताना मी चपलेत पायाची बोटं आवळून उभी असते. बसमध्ये बसताना दोन्ही हातांनी पर्स अशी धरते, जणू कुणी ओढायलाच टपलंय. भाकरी थापताना हात आपला आपण फिरतो, मनगट किती सैल असतं, तिथं मात्र काहीच आवळलेलं नसतं. एकदा थापता थापता मी मुद्दाम हाताकडे लक्ष दिलं, कोणतं बोट कधी दाबतं ते बघायला, आणि भाकरी फाटली. नवरा म्हणाला, तिच्याकडं बगू नगंस, तिला तिचं करू दे. मला ते पटलं. सगळ्याच हालचालींवर पहारा ठेवायचा नसतो. ज्या चुकल्यात तेवढ्यांपाशी बसावं.

वर्गातही माझी नजर बदलली होती. पेन्सिल दाबून धरणारी मुलं मला आधी फक्त अक्षर घाण काढणारी वाटायची. आता त्यांच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं दिसायची. मी त्यांना हात झटकायला सांगायचे, खांदे उडवायला सांगायचे, मग लिहा म्हणायचे. एक मुलगा लिहिताना जीभ बाहेर काढून दातात धरायचा. जीभ आत घे म्हटलं की त्याला लिहिता यायचं नाही. त्याला मी तसंच राहू दिलं.

उन्हाळा लागला तसे तोडीला गेलेले लोक परत येऊ लागले. वर्ग भरला. इतके महिने बाहेर राहून आलेल्या मुलांना पुन्हा अक्षरांपाशी आणायचं, गोंगाट आवरायचा, यात दिवस कसा जायचा कळायचं नाही. एक दिवस घरी आल्यावर लक्षात आलं की सकाळपासून मला चेहऱ्याची एकदाही आठवण झालेली नाही. मी बोलले होते, ओरडले होते, हसले होते, डब्यातली भाजी खाल्ली होती, चहाही घेतला होता. तोंडानं सगळं मला न विचारता केलं होतं.

माझा चेहरा आता जवळजवळ पहिल्यासारखा आहे. खूप हसले तर डावा डोळा जरा जास्त बारीक होतो. फोटोत दिसतो. नव्यानं भेटणाऱ्या माणसाला मी मिश्कील आहे असं वाटतं आणि मी ते दुरुस्त करत नाही.

शेवटच्या खेपेला आम्ही दोघं भिंगारला गेलो तेव्हा माझं तपासून झाल्यावर मी डॉक्टर मुलीला म्हणाले, "यांचा खांदा बघा एकदा. गाडी चालवताना उजवा खांदा वर चढवून बसतात. मला रोज दिसतो."

"मला काई दुकत न्हाई," नवरा म्हणाला.

तिनं त्याला टेबलावर पालथं झोपवलं. मी बाहेर बाकावर बसले. पडद्याच्या आतून आवाज येत होता.

"सोडा काका."

"सोडलंय."

"नाही सोडलं. हा हात बघा, मी वर उचलून सोडला तरी खाली पडत नाही."

"मीच धरलाय व्हय?"

"तुम्हीच."

मग तो म्हणाला, "आता?"

"आता सुटला."

तिथून निघाल्यावर आम्ही खाली बाजारात रसवंतीवर थांबलो. ऊन चांगलंच तापलं होतं. तो बाकावर बसला, ग्लास हातात घेतला आणि समोर बघत म्हणाला, "बग गं, खांदा खाली हाय का वर?"

"चढतोय," मी म्हणाले.

त्यानं श्वास सोडला आणि खांदा खाली आणला. मग रसवाल्याला अजून एकेक अर्धा ग्लास भरायला सांगितला, माझ्यात लिंबू जास्त.